दिवसाचा हिशेब दिवसाच मिटवावा

दुकानाचे शटर खाली ओढले, तरी दुकान मनातून बंद होत नाही. अडकलेली उधारी, बँकेचा हप्ता, रोज बदलणारे भाव आणि मोबाइलवरूनच माल मागवू लागलेले जुने गिऱ्हाईक, हे सारे रात्री उशाशी येऊन बसते. दिवसभर हसतमुखाने गल्ल्यावर बसणाऱ्या अनेक व्यापारी बंधूंची रात्र कूस बदलण्यात सरते. घरातील माणसांना ते कळत असते. बोलत मात्र कोणीच नाही.

वाचकहो, अशा वेळी आपल्याच परंपरेतील एका व्यापाऱ्याचे स्मरण होते. कवी बनारसीदास 1586 मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुटुंबात जन्मले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. 1605 साली बादशहा अकबराच्या निधनाची वार्ता जौनपुरात आली तेव्हाची हकिकत त्यात आहे. पायरीवर बसलेले तरुण बनारसीदास ती ऐकताच मूर्च्छित होऊन पडले व त्यांचे डोके फुटले. गावातील दुकाने बंद झाली, दागदागिने लपवले गेले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे चढवली. चोर-लुटारू कोठेच दिसत नव्हते; लोक आपल्याच भयाने व्याकूळ झाले होते. दहा दिवस असे गेले. मग नवा बादशहा गादीवर बसल्याची चिठ्ठी आली आणि व्यवहार सुरळीत झाले.

तेव्हा खात्रीची बातमी मिळेना म्हणून भीती वाढली. आज क्षणोक्षणी बातमी हाती येते, आणि ते दहा दिवस काही संपत नाहीत.

आपल्या शास्त्रकारांनी दुःखात गुंतलेल्या चित्ताला आर्तध्यान असे नाव दिले आहे. इष्टाचा वियोग, अनिष्टाचा संयोग, वेदना आणि निदान, असे त्याचे चार प्रकार. येथे ‘ध्यान’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. तीच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा घोळवली की चिंताही अंगवळणी पडते. म्हणून तिच्यावरचा उपायही रोजच्या, लहान सवयींतूनच शोधावा लागतो.

पहिली सवय सकाळची. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे 48 मिनिटांचा. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. ज्यांना पूर्ण सामायिक जमत नाही, त्यांनी निदान नवकार म्हणून होईपर्यंत तरी बाजारभाव पाहू नयेत. दिवसाचा पहिला शब्द भावाचा नसावा, एवढेच.

दुसरी सवय सायंकाळची. जमा-खर्च जुळवून रोजमेळ बंद केल्याखेरीज पूर्वी पेढीवरून कोणी उठत नसे. मनाचाही तसाच रोजमेळ लिहावा. कागदाच्या एका बाजूला आपल्या हातातील गोष्टी, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरच्या. पावसाचे प्रमाण, सोन्याचा भाव, सरकारचा निर्णय हे दुसऱ्या बाजूला जाईल. थकलेल्या गिऱ्हाइकाला फोन करणे, पडून राहिलेला माल काढणे हे पहिल्या बाजूला येईल. त्यातले एकच काम उद्यासाठी ठरवावे आणि वही मिटावी. प्रतिक्रमणात दिवसातील दोषांची आलोचना करून आपण मोकळे होतो. चिंतेलाही तशीच दिवसाची सीमा घालता येते.

तिसरी सवय सर्वांत कठीण, ती बोलण्याची. आग्र्यात बनारसीदासांचे भांडवल संपले, तेव्हा ते एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत असत. एके दिवशी त्यांनीच त्याला एकांतात सांगितले की, माझ्याजवळ काही उरलेले नाही, यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने मात्र वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असे सांगून त्यांना धीर दिला. पुढे ती उधारी चुकती झाली. खरे सांगितल्याने बनारसीदासांची पत गेली नाही. एक माणूस मात्र त्यांच्या बाजूने उभा राहिला.

आपल्या घरातही जेवताना आठवड्यातून एकदा तरी व्यवसायाची खरी स्थिती पत्नीला, मुलांना, वडीलधाऱ्यांना सांगावी. सून एखादा खर्च पुढे ढकलू शकते, मुलगा जुन्या येण्यांची यादी करू शकतो, आजोबा 1972 च्या दुष्काळात दुकान कसे चालवले ते सांगू शकतात. आणि आपल्याकडे कोणी अडचण घेऊन आला, तर आपणही त्याचे कचोरीवाले व्हावे.

एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात संकोच नको. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

या सवयींनी बाजार वर जाणार नाही, की बुडीत येणे वसूल होणार नाही. आशा म्हणजे उद्याच्या भावाचा अंदाज नव्हे. उद्या सकाळी दुकान उघडण्याचे बळ उरणे, हीच आशा. त्यासाठी आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी घरातील एका माणसाशी तरी मनातले बोलावे.