भंडाऱ्याचा पराभव पडद्यावर कोण दाखवेल?

चौदा एप्रिल आला की तुमच्या स्टेटसवर मामुटी दिसतो. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मधला सीन, मागे ढोल, तीस सेकंद. तो चित्रपट पूर्ण किती जणांनी पाहिलाय? मूळ इंग्रजीत बनलेला, सरकारी पैशातून उभा राहिलेला, मामुटीला राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेलेला. तीन तासांचा आहे म्हणून घाबरू नका. आपल्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बसून पाहतोच ना!

पण आज बोलायचंय ते पडद्यावर जे येत नाही त्याबद्दल. ॲटनबरोचा ‘गांधी’ १९८२ साली आला, आठ ऑस्कर घेऊन गेला आणि त्यात आंबेडकर नावाचं पात्रच नाही. पुणे करार झालाच नव्हता जणू! गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ‘फुले’ हिंदीत आला तेव्हा प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेलं आणि जातींची नावं असलेल्या भागात सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले. जातीचं नाव न घेता फुले दाखवायचे म्हणजे पाण्याचं नाव न घेता दुष्काळ सांगायचा. आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्येच ‘महात्मा फुले’ केला होता. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते आणि पडद्यावर गाडगेबाबांचं कीर्तन आहे.

आता तेच १९५४ साल आपल्या बाजूने पाहा. त्या वर्षी बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव; प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता, राखीववर बाबासाहेब. तेव्हाचे कार्यकर्ते सांगत आले की, दुसरं मत वाया घालवा म्हणजे आपला माणूस नक्की येतो, असा हिशेब काहींनी मांडला होता. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. ज्याने घटना लिहिली तो लोकांना मत फुकट घालवायला कसा सांगेल? निकाल लागला. मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून आठेक हजार मतांनी पडले. अडीच वर्षांनी ते गेले.

यापेक्षा मोठा क्लायमॅक्स कोणता पटकथाकार लिहील? पण हरणारा नायक आपल्याला नको असतो. आपल्याला भाषण, टाळ्या, स्लो मोशन पाहिजे. आणि हा पराभव दाखवायचा तर मतं कुणी दिली नाहीत हेही दाखवावं लागेल. ते आपलेच आजोबा-पणजोबा निघतील, तुमचेही आणि माझेही.

आपला मोहाडी तालुका दुसऱ्या एका नावानेही देशभर ओळखला जातो, आणि ते नाव आपण चारचौघांत पटकन घेत नाही. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचा खून. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. त्यावर मराठीत चित्रपट निघाला, माहितीपट झाले, पण कॉलेजच्या गॅदरिंगला त्यातलं काही दाखवा म्हटलं की ‘वातावरण बिघडेल’ हे उत्तर तयार असतं. महापुरुषाचा चित्रपट चालतो, कारण तो लांबचा आणि जुना असतो. बाजूच्या गावाचा चालत नाही.

एक काम करून पाहा. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे १९५४ साली बाबासाहेबांच्या नावापुढे मत टाकणारा, किंवा न टाकणारा माणूस आज नव्वदी ओलांडून गेलाय. तुमच्या गावात असा एखादा आजा, एखादी आजी अजून ओसरीवर बसलेली असेल. मोबाइलचा कॅमेरा तुमच्या खिशात आहेच. ट्रायपॉड नसला तर पाटावर ठेवा, म्युझिक लावू नका, आणि दुसरं मत कुणाला दिलं होतं एवढंच विचारा. सांगतील तसं रेकॉर्ड करा, न कापता.