पिल्लं उचलू नका, त्यांची आई जवळच आहे

दिवाळी झाली की नागभीड तालुक्यात हलक्या धानाची कापणी जोरात येते. बांधीत कडपा पडत जातात आणि कोपऱ्यातलं शेवटचं धान कापताना धुऱ्याच्या गवतातून कुणाला तरी बारीक आवाज ऐकू येतो. दोन-तीन पिल्लं असतात, डोळे न उघडलेली, अंगावर पुसट पट्टे असलेली. आई कुठं दिसत नाही. विळे थांबतात, पोरं धावत येतात, मोबाइल निघतात आणि कुणीतरी कळवळून म्हणतं, "माय टाकून गेली यांची. घरी नेऊ, दूध पाजू." तो कळवळा खरा असतो, पण त्यातूनच ही पिल्लं आईला कायमची मुकतात.

ही पिल्लं बहुतेक वेळा रानमांजराची असतात, क्वचित वाघाटीची. त्यांना कुणीही टाकलेलं नसतं. माणसांचा गलबला आणि हार्वेस्टरचा आवाज ऐकून आई जवळच्याच झुडपात दबा धरून बसलेली असते किंवा शिकारीला गेलेली असते. तोंडात धरून एका वेळी एकच पिल्लू तिला हलवता येतं. भर दिवसा, माणसांच्या घोळक्यात ती बाहेर येणार कशी? अंधार पडला, शेत रिकामं झालं की ती येते आणि एकेक करून पिल्लं नेते. पण तोवर पिल्लं गावातल्या एखाद्या खोक्यात पोचलेली असली, तर ती रात्रभर रिकामा धुरा हुंगत फिरते.

हे नुसतं भावनेनं सांगत नाही. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य हेच करत आले आहेत. बछडे तपासायचे, संध्याकाळी सापडले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायचे, कॅमेरा लावायचा आणि लांब जाऊन थांबायचं. आई येते आणि बछडे घेऊन जाते. बिबट्याची मादी माणसांनी हाताळलेली पिल्लं परत स्वीकारते. मग "माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही" ही समजूत आपण कशाला धरून बसायची? चुकून उचललं असेल, तर आजच्या आज त्याच जागी परत ठेवा. उशीर झाला म्हणून लाजू नका.

आणि हे कुणासाठी करायचं? आपल्यासाठीच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी धान उभं केलं. या मुलखाला एका लोंबीचं मोल समजावून सांगायला नको. त्या लोंब्या बांधीत, पुंजण्यात आणि घरातल्या ढोलीत कोण कुरतडतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. राजस्थानात सरिस्का व्याघ्र प्रकल्पात झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला साधारण ३ ते ५ उंदीर खातं, असा अंदाज निघाला. कमीत कमी ३ धरले, तरी वर्षाला हजारावर उंदीर होतात. एवढी राखण कोणतं औषध करील? वाघ-बिबट्यांच्या बातम्यांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात हा लहान प्राणी कुणाच्या लेखी नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वाघाटी तर जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, जेमतेम दीड किलोची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती वाघाच्या बरोबरीनं आहे.

तेव्हा पिल्लं दिसली, तर तेवढा तुकडा कापायचा ठेवा. विळे, ट्रॅक्टर, पोरं, कुत्री तिथून लांब न्या. फोटोसाठी घेराव घालू नका. ठिपके दाट आणि पिल्लू मांजरापेक्षा थोराड वाटलं, तर ते बिबट्याचं असू शकतं. मग जवळ जाऊच नका, कारण आईही तिथेच असेल. लगेच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिल्लू जखमी असेल किंवा आई मेलेली सापडली असेल, तरीही फोन याच क्रमांकावर करा. घरात वाढलेलं रानमांजर शिकार शिकत नाही आणि रानात परत जगत नाही.

घरच्या मांजराच्या पिल्लांचं थोडं निराळं. नको असलेली पिल्लं पोत्यात भरून जंगलाच्या कडेला सोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती बंद झाली पाहिजे. उपाशी मरतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय त्यातलं एखादं जगलंच, तर गावातले रोग रानमांजरांपर्यंत पोचवतं, त्यांच्याशी संकर करतं. नको असतील, तर मांजरीच्या शस्त्रक्रियेची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.

खरोखर पोरकं झालेलं घरमांजराचं पिल्लू हाती आलंच, तर आधी ऊब द्या, दूध नंतर. पहिल्या काही आठवड्यांत त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं दूध पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे चटका वाटला तर त्याला सरकता येईल. गाईचं दूध नको, त्यानं हगवण लागते. गावात नुकतीच व्यालेली दुसरी मांजर असेल, तर तिच्याजवळ ठेवून पाहा. पुष्कळदा ती परकं पिल्लू जवळ घेते, आणि यापेक्षा चांगला उपाय नाही. नाहीच जमलं, तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी नागपूरहून मागवा. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पोटावर पालथं ठेवून पाजा. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळूच पुसा. त्याशिवाय त्याला लघवी होत नाही, हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

भारी धानाला विळा लागायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर १९२६ हा क्रमांक ठळक लिहून घ्या. हार्वेस्टरच्या मालकाशी बोलताना भावाबरोबर हीही अट घाला, की धुऱ्याकडेचा शेवटचा पट्टा आधी माणसानं पाहायचा, मगच मशीन घालायची. शाळेतल्या गुरुजी-बाईंनी परिपाठात पाच मिनिटं या पिल्लांसाठी द्यावीत, कारण शेतात सगळ्यांत आधी धावत पोचतात ती पोरंच. आणि रोवणी-कापणीला जाणाऱ्या बायांनो, ही पिल्लं सगळ्यांत आधी तुमच्याच नजरेला पडतात. "हात लावू नका, बाजूला व्हा," असं तुम्ही ठणकावून सांगितलंत, तर शेतात कुणाची पुढं व्हायची हिंमत होणार नाही.