अंतराळस्थानक टिकते ते दुरुस्तीवर

न्हावा शेवा : येथील न्हावाच्या किनाऱ्यावर ओएनजीसीचा पुरवठा तळ आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात उभ्या असलेल्या मुंबई हायच्या तेलफलाटांसाठी लागणारे पाइप, रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग येथून जहाजाने रवाना होतात. फलाटावरील कर्मचारी १४ दिवसांच्या पाळीने बदलतात. पाण्याखालच्या वाहिन्यांची डागडुजी पाणबुडे करतात. पुरवठा, पाळी आणि दुरुस्ती यांपैकी एक जरी खंडित झाली, तरी फलाट चालविणे कठीण होते. अंतराळस्थानकाचे गणितही याहून फारसे वेगळे नाही. २०३५पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले असल्याने हे गणित आता आपल्यालाही सोडवावे लागणार आहे.

विस्मृतीत गेलेले यजमान

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काम पाहिलेले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानातून सोव्हिएत संघाच्या सॅल्यूट-७ स्थानकाकडे झेपावले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी झालेला त्यांचा संवाद आजही अनेकांच्या स्मरणात आहे. मात्र स्थानकावर त्यांचे स्वागत करणारे लिओनिद किझिम, व्लादिमिर सोलोव्योव्ह आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ओलेग अत्कोव्ह यांची नावे आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. हे तिघे त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून तेथे होते. शर्मा ११ एप्रिलला परतले. यजमान उतरले ते २ ऑक्टोबरला. २३७ दिवसांचा हा मुक्काम त्या काळी विक्रम ठरला. दीर्घ वास्तव्याचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो, याची नोंद ठेवण्यासाठी डॉक्टरच सोबत होते.

बाहेर पडून सहा वेळा

मोहिमेचा खरा कस लागला तो पाहुणे परतल्यानंतर. सप्टेंबर १९८३मध्ये स्थानकाच्या इंजिन यंत्रणेतील ऑक्सिडायझरची वाहिनी फुटली होती. त्याच महिन्यात पुढील चमूला नेणाऱ्या रॉकेटला प्रक्षेपणतळावरच आग लागली. त्यातून बचावलेल्या दोघांपैकी गेन्नादी स्त्रेकालोव्ह हेच सुमारे सहा महिन्यांनी शर्मांचे सहप्रवासी होते.

एप्रिलच्या मध्यास प्रोग्रेस-२० या मालवाहू यानाने दुरुस्तीची सामग्री पोहोचविली. २३ एप्रिल ते ४ मे या काळात किझिम आणि सोलोव्योव्ह चार वेळा स्थानकाबाहेर पडले. हवेच्या दाबाने ताठरलेले हातमोजे घालून त्यांनी झडप बसविली, पर्यायी वाहिन्या जोडल्या. तरीही गळका पाइप कायमचा बंद करण्याजोगे हत्यार हाताशी नव्हते. १८ मे रोजी ते पुन्हा बाहेर गेले, पण या वेळी सौरपट्ट्या वाढविण्यासाठी. पाइप चेपून बंद करणारे हत्यार जुलैत सोयूझ टी-१२ यानातून आले. याच यानातून आलेल्या स्वेतलाना सावित्स्काया २५ जुलै रोजी स्पेसवॉक करणाऱ्या जगातील पहिल्या महिला ठरल्या. अखेर ८ ऑगस्टला गळका पाइप बंद झाला. सहा स्पेसवॉक आणि मिळून सुमारे २३ तास, असा हा हिशेब आहे.

भारतापुढील आव्हान

१६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत जोडण्यात भारताला यश आले. त्याच वर्षी जून-जुलैत प्रबोधिनीचेच माजी विद्यार्थी शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर सुमारे १८ दिवस राहून परतले. हे दोन्ही टप्पे मोलाचे आहेत. परंतु शर्मा आणि शुक्ला हे दोघेही इतरांनी उभारलेल्या आणि इतरांनी चालविलेल्या स्थानकावर अल्प काळासाठी गेले होते. एकाही भारतीय नागरिकाने अद्याप स्पेसवॉक केलेला नाही. गगनयानाची आखणीही मुळात तीन दिवसांच्या उड्डाणाची आहे.

तेव्हा प्रक्षेपणाच्या तारखांइतकेच लक्ष स्पेसवॉकच्या पोशाखाकडे, पाण्याच्या टाकीतील सरावाकडे, मालवाहू यानांच्या नियमित फेऱ्यांकडे आणि अंतराळवीरांच्या वैद्यकीय देखभालीकडे द्यावे लागेल. ही कामे दूरचित्रवाणीवर झळकत नाहीत आणि त्यांचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. तो सोसण्याची तयारी आतापासून ठेवली नाही, तर स्थानक कक्षेत पोहोचेल; पण पहिली वाहिनी फुटेल तेव्हा ती जोडण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराशी जावे लागेल.