धक्का खायचा कोणी?

दसऱ्याला आपण मोटार धुतो, तिच्या कपाळी झेंडूची माळ बांधतो. त्या माळेखाली येतो तो बंपर. नावच सांगते की, याचा जन्म धक्का खाण्यासाठी आहे. पण आजचा बंपर धक्का खात नाही. मालकाचा खिसा खातो! आणि माझे म्हणणे असे की, हा दोष रस्त्याचा नव्हे, रिक्षावाल्याचाही नव्हे. बंपर घडवणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा आहे.

जुनी अँबॅसडर किंवा पद्मिनी आठवा. पुढे-मागे चकचकीत पोलादी पट्टी. पोचा आला तर मिस्त्री ठोकून सरळ करी. आज बाहेर दिसते ते प्लास्टिकचे रंगवलेले कवच. त्याच्या आत फेस, त्याच्या आत लोखंडी तुळई. वर त्याच कवचात दिवे आणि मागचे अंतर सांगणारे सेन्सर खोचलेले. म्हणजे ज्याने मार खायचा, त्याच्याच अंगावर दागिने!

गेल्या पावसाळ्यात पुण्यात सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या मोटारीला एका रिक्षाने मागून टेकवले. वीतभर चीर पडली. मोठ्या वर्कशॉपातला टाय लावलेला तरुण म्हणाला, "सर, हा रिपेअर होत नाही, पूर्ण बदलावा लागेल." बंपर ६,२००, रंग ४,१००, क्लिपा, मजुरी आणि कर धरून १२,६०० रुपये. एवढ्यात आमच्या घरची दिवाळी होते, वाचकहो, फराळासकट! मग गल्लीतल्या मिस्त्रीने चीर आतून तापवून सांधली, वर लांबी भरली, रंग मारला आणि २,२०० घेतले. "मास्तर, हे फेकायला काय झालं होतं?" हा त्याचा प्रश्न मी जसाच्या तसा कारखानदारांपुढे ठेवतो.

कोणी म्हणेल, विमा कशाला आहे? ऐका तर. साध्या सर्वंकष विम्यात प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात. शिवाय लहान मोटारीचे पहिले १,००० रुपये सक्तीने आपलेच. आणि एकदा दावा केला की, पाच वर्षे निर्धोक राहून मिळवलेली ५० टक्क्यांची सवलत गेली! म्हणून शहाणा मनुष्य दावा करीत नाही, पदरचे भरतो. घसारा न कापणारा विमा मिळतो. पण त्याचाही हप्ता जास्त.

ही निव्वळ माझी कुरकुर नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना सहज मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, ती होणारच. पण गल्लीतल्या मिस्त्रीचे दार कोण बंद करतो, हे त्या निकालाने चव्हाट्यावर आणले.

कारखानदारांचे एक म्हणणे खरे आहे, ते मी नाकारत नाही. पोलादी पट्टी पायी चालणाऱ्याची नडगी मोडते; मऊ कवच तिला वाचवते. माणसाच्या पायापुढे माझा बंपर कःपदार्थ! परंतु मऊ असणे आणि महाग असणे या दोन गोष्टींचे लग्न कोणी लावले? कवचाचे कोपरे वेगळे, बिनरंगी आणि स्वस्तात बदलता येतील असे करता येतात. दिवे आणि सेन्सर माराच्या जागेपासून दूर बसवता येतात. अमेरिकेने तर १९७३ च्या मोटारींपासून नियमच केला होता की, समोरून ताशी ५ मैलांच्या टकरीत दिवे वगैरे सुरक्षेची साधने शाबूत राहिली पाहिजेत. १९८२ साली सरकारने त्या पाचाचे अडीच केले! त्यातून एवढे तरी कळते की, हे गणित निसर्गाचे नाही, माणसांचे आहे. आणि माणसांनी मांडलेले गणित माणसांना पुसता येते.

म्हणून पुढच्या वेळी मोटार घ्यायला जाल तेव्हा मायलेज विचारा, रंग विचारा, पण त्याआधी विचारा, "बंपर केवढ्याला?" विक्रेता हसेल. हसू द्या. शंभर गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न विचारला की, त्याला उत्तर पाठ करावे लागेल. आणि हजारांनी विचारला की, कारखान्याला बंपर बदलावा लागेल.