मोतीचे पुढे काय झाले?

गेल्या महिन्यात आपाकडे जेवायला गेले होते. दस्तरखान लागला, आणि भाचीने हळूच विषय काढला. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की दीड महिना परदेशात जाऊन, हाल होत असताना सोडवून आणलेल्या घोड्यांची देखभाल करायची तिची इच्छा आहे. पगार नाही. उलट राहण्या-जेवण्याचे पैसे आपणच भरायचे.

दुल्हाभाईंनी हातातला घास खाली ठेवला. "लीद काढायला विमानाने जायचं? आणि तेही पैसे देऊन?"

आपा गप्प राहिली. मग दोघेही माझ्याकडे पाहू लागले. घरात कुणी शिक्षिका असली की निकाल तिनेच द्यायचा, असा आपल्याकडे रिवाजच आहे. मी म्हटले, "विचार करून सांगते." खरे म्हणजे त्या क्षणी मला आमचे नाना आठवले होते.

नाना पुण्यात तांगा चालवायचे. स्टेशन ते कॅम्प ही त्यांची नेहमीची फेरी. घोड्याचे नाव मोती. संध्याकाळी घरी आले की आधी मोतीला पाणी, मग खरारा, मग तोंडाला तोबरा, आणि त्यानंतर नानांचा स्वतःचा चहा. या क्रमात कधी बदल झालेला मी पाहिला नाही. पुढे रिक्षा वाढल्या, सवारी मिळेना, चंदीचा खर्च परवडेना. एके दिवशी मी शाळेतून आले तर खुंटा रिकामा होता. मोती विकला, एवढेच समजले. तो कुठे गेला, हे मी विचारले नाही. मी दुसरी-तिसरीत होते.

हाच प्रश्न 1930 मध्ये कैरोला आलेल्या डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईला पडला होता. तिचे पती ब्रिटिश सैन्यात मोठे अधिकारी होते. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेत ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे लढले. आपल्या शहराचे नाव लावणारी पूना हॉर्स ही पलटणही 1918 मध्ये त्या मोहिमेत होती. युद्ध संपल्यावर घोडे परत नेण्याचा खर्च नको म्हणून सैन्याने हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. बारा वर्षांनी डोरोथीबाईंना तेच घोडे कैरोच्या रस्त्यांवर ओझी ओढताना दिसले. म्हातारे, आंधळे, पाय सुजलेले.

1931 मध्ये त्यांनी 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले. वाचकांनी पैसे पाठवले. मालकांना रीतसर किंमत देऊन त्यांनी तीन वर्षांत सुमारे 5,000 घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना वेदनेतून सोडवणे एवढेच हातात होते. काही दिवस पोटभर चारा, स्वच्छ पाणी, मऊ गवताचे अंथरूण, आणि मग शांत मरण.

एवढे करून त्या मायदेशी परतल्या असत्या तरी लोकांनी वाहवाच केली असती. पण विकत घेतलेल्या प्रत्येक घोड्याच्या जागी गाडीला दुसरा घोडा जुंपला जाणारच होता. म्हणून 1934 मध्ये त्यांनी कैरोत जनावरांचे मोफत इस्पितळ उघडले. गरीब गाडीवानाने आपला घोडा, आपले गाढव तिथे आणावे, उपचार करून घ्यावेत आणि परत न्यावे. आज ती संस्था 'ब्रुक' या नावाने भारतातही काम करते. मालकांना, नालबंदांना आणि स्थानिक जनावरांच्या डॉक्टरांना शिकवणे हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे.

आपल्याकडेही मोतीसारखे घोडे थोडे नाहीत. देशाच्या पशुगणनेत 2012 मध्ये घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते. 2019 मध्ये ते 3 लाख 40 हजारांवर आले. यंत्रे आली, घोड्याचे काम गेले. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्याच निकालात चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना आखायलाही सरकारला सांगितले. मला हे महत्त्वाचे वाटते. घोड्याची काळजी करायची आणि त्याच्यावर पोट असलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचे, हे काही न्यायाचे नव्हे. तसेच माणसाच्या गरिबीकडे बोट दाखवून मुक्या जिवाचे हाल खपवून घेणे, हेही नाही.

हदीसमधला उंटाचा किस्सा आपण मुलांना सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारीच्या बागेत गेले, तेव्हा तिथला उंट त्यांना पाहून रडू लागला. त्यांनी त्याला कुरवाळून शांत केले आणि मालक कोण म्हणून विचारले. मालक पुढे आल्यावर त्याला अल्लाहचे भय बाळगायला सांगितले, कारण तो उंटाला उपाशी ठेवून राबवत होता. हा किस्सा मी वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. मोतीची आठवण मात्र त्या वेळी कधी झाली नाही.

आठवड्याने भाचीला घरी बोलावले. म्हटले, "जा. पण आधी घोडा म्हणजे काय ते शीक."

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. कामातून गेल्यावरही त्याची आठ-दहा वर्षे उरतात. त्याला दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरावे लागते. पोट लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणून भलतेच खाल्ले तर पोटशूळाने जीवही जाऊ शकतो. रोज पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागते. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यावाच लागतो. घोडा सोडवून आणायला एक दिवस पुरतो, पण त्याला सांभाळायचे ते दहा वर्षे. दीड महिन्याच्या पाहुणीने तिथल्या लोकांचे काम हलके करायला हवे, वाढवायला नको.

ती म्हणाली, "खाला, मग शिकू कुठे?"

जखमी जनावरांसाठी काम करणारी रेस्क्यू ही संस्था पुण्यातच आहे. सांगलीकडे अ‍ॅनिमल राहत ही संस्था 2003 पासून राबणाऱ्या बैलांसाठी, घोड्यांसाठी, गाढवांसाठी काम करते. तिथले स्वयंसेवकांचे नियम विचारून घे, असे तिला सांगितले. आणि तोवर, आमच्या ओळखीच्या एका चाचांचा तबेला आहे, वरातीचे घोडे असतात त्यांच्याकडे. पहाटे तिथे जायचे ठरले. त्याआधी धनुर्वाताची लस घ्यायला लावली. तबेल्यात जाणाऱ्याने ती घेतलेली असावीच.

चाचा पहिल्या दिवशी हसले. तीन दिवस हिने फक्त लीद काढली आणि पाणी भरले. चौथ्या दिवशी त्यांनी घोड्याचा पाय उचलून खुरात अडकलेला खडा कसा काढायचा ते दाखवले. पहाटे साडेपाचला तिला स्कूटरवरून सोडायला जातात ते दुल्हाभाई. सुरुवातीला बाहेरच थांबायचे. आता आत जाऊन चाचांबरोबर चहा पितात.

परदेशातल्या संस्थांना पाठवायचे प्रश्न आम्ही तिघांनी बसून लिहिले. पूर्णवेळ जनावरांचा डॉक्टर आहे का? तिथले कायमचे मोतद्दार किती, आणि त्यांना पगार मिळतो का? सोडवलेल्या घोड्यांवर पाहुण्यांना बसवून पैसे घेता का? स्वयंसेवक नसतात त्या महिन्यांत घोड्यांचे कोण पाहते? मुलींची राहण्याची सोय कशी आहे? कोणता व्हिसा लागतो? कित्येक देशांत पर्यटकाच्या व्हिसावर बिनपगारी काम करायलाही परवानगी नसते, म्हणून हा प्रश्न त्या देशाच्या दूतावासालाही विचारायचा. तीन ठिकाणी पत्रे गेली. एकाकडून नीट, मुद्देसूद उत्तर आले, दोघांनी फक्त पैसे भरायची माहिती पाठवली. त्या दोघांची नावे दुल्हाभाईंनी खोडली. तिसऱ्याचा विचार चालू आहे. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून अजून तरी पुन्हा आलेला नाही.

परवा अम्मीला विचारले, "मोती कुणाला विकला होता?"

अम्मी बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "बाजारात विकला. कुणी घेतला ते तुझ्या नानांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं."

ज्याने आयुष्यभर आपल्या घराची चूल पेटती ठेवली, त्याचे पुढे काय झाले हे विचारणे आमच्याच्याने झाले नाही. भाची विचारते आहे. तिला अडवण्याचा हक्क मला तरी आहे असे वाटत नाही.

ती परदेशी जाईल की नाही, ते इन्शाअल्लाह पुढच्या अंकापर्यंत ठरेल. तोवर आपल्याला घरबसल्या जमेल असे एक काम सांगते. लग्नाचे दिवस आहेत. तुमच्या दाराशी वरातीचा घोडा आला, तर नवऱ्या मुलाला उतरवून घेतल्यावर सगळे आत धावतात. एकाने मागे थांबावे. घोडेवाल्याला सलाम करावा, घोड्याला पाणी मिळाले का ते विचारावे, आणि दोघांसाठी पाणी आणून द्यावे. घोड्यासाठी बादली भरून.