माळ आणि बेडी

घरातील कोणी कडक नियमांच्या पंथात गेला, तर तो फसविला गेला की स्वेच्छेने गेला, ही चिंता घराला ग्रासते. आमच्या मते नियमांचा कडकपणा ही कसोटी नव्हे. तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्यमांस वर्ज्य करतो, एकादशी पाळतो, वारी चुकवीत नाही. तरी घर, शेत, आप्त यांपासून तो तोडला जात नाही. उलट १९७८ साली गयानातील जोन्सटाउन येथे पंथप्रमुख जिम जोन्सच्या आज्ञेने ९०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. भोवती सशस्त्र पहारा होता. गीतेच्या १८ व्या अध्यायात, ६३ व्या श्लोकात, भगवंत सारा उपदेश करून निर्णय अर्जुनावरच सोपवितात. जो गुरु एवढेही स्वातंत्र्य देत नाही, त्याच्या दारातून सुजाण भक्ताने मागे फिरावे.