माप घेताना

कपडे शिवायला येणारी बाई हल्ली आधी मोबाइलमधला फोटो दाखवते. असाच गळा, अशीच बाही. फोटो मी नीट पाहते आणि मग तिला विचारते, हे घालून तू कुठे जाणार, काय काय करणार? मे महिन्यात आमच्या कोकणात, म्हसळ्यात वलिमा (लग्नानंतरची मेजवानी) असेल तर दुबईहून आलेल्या सॅटिनला आतून सुती अस्तर लागतं, नाहीतर नवरी घामाने कासावीस होते. मासळीची पाटी डोक्यावर उचलणारीला तंग मुंढा चालत नाही. आमच्याकडच्या पावसात कपडा दिवसदिवस वाळत नाही, म्हणून रोजच्या ड्रेसला जाड कापड घेऊ नकोस, असं मी आग्रहाने सांगते. टेप त्यानंतर हातात घ्यायची. खरं माप या विचारपुशीतच अर्धंअधिक कळलेलं असतं.

हे मी आईकडून घेतलं. ती ओटीवर मशीन मांडून बसायची. वडील मुंबईला नोकरीत. मनीऑर्डर कधी वेळेवर यायची, कधी रेंगाळायची. त्या मधल्या दिवसांत घर तिच्या शिलाईवर चालायचं. शेजारच्या मुलींचे फ्रॉक बेतताना ती बाजूच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत भरपूर माया ठेवायची. पुढच्या वर्षी पोर वाढेल आणि नवं कापड येणार नाही, हे तिला न सांगता ठाऊक असायचं. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचं लग्न ठरतंय, कोण पोटुशी आहे, हे सगळं धरून तिची कात्री चालायची. तरीही गावात तिच्याबद्दल कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, 'ती घरीच असते.'

पुढे सिनेमांची वेशभूषा करणाऱ्या भानू अथैया यांचं काम पाहू लागले तेव्हा आईची आठवण वारंवार आली. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घरातला त्यांचा जन्म, २८ एप्रिल १९२९चा. वडील अण्णासाहेब चित्रकार. बाबूराव पेंटरांच्या सिनेमांसाठी त्यांनी काम केलं होतं. ते लवकर गेले आणि मुलांना आईने वाढवलं. भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागल्या आणि तिथून सिनेमात आल्या. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला. 'ब्रह्मचारी'त मुमताजला साडी नेसून भन्नाट नाचायचं होतं, तर त्यांनी साडीच शिवून दिली. निऱ्या सुटायची धास्तीच उरली नाही. 'गांधी'त एका माणसाचं अवघं आयुष्य कपड्यांतून दिसायला हवं होतं, दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचा नेसणाऱ्या महात्म्यापर्यंत. त्या कामाबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. नादिराच्या 'श्री ४२०'मधल्या गाऊनला त्यांनी जेवढं मन लावलं, तेवढंच गांधीजींच्या साध्या पंच्यालाही लावलं. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण यात आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आमच्या तालुक्यात छपरं उडाली, आंबा-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कपाटं आतपर्यंत भिजली. वीज कितीतरी दिवस नव्हती. मी आईचं पायाचं मशीन बाहेर काढलं. हळूहळू बायका येऊ लागल्या, हातात लग्नातल्या साड्या घेऊन. रंग एकमेकांत उतरलेले, जर काळवंडलेली. नवं शिवून घ्यायची कोणाची ऐपत नव्हती आणि मनही नव्हतं. 'यातलं चांगलं राहिलंय तेवढं लेकीच्या अंगाला लागू दे,' एवढंच मागणं. पदर धड असेल तर त्याचं पोलकं केलं, काठ टिकले असतील तर ते साध्या सुती परकराला लावले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं डिझाइन मी त्या दिवसांतलंच मानते. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला भानूताई गेल्या.

२०१२ साली त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत सोपवली होती, आपल्यामागे ती नीट जपली जावी म्हणून. आपल्या कामाची खूण सांभाळायची काळजी त्यांनी स्वतः घेतली, हे मला फार पटतं. आईने शिवलेला एकही फ्रॉक आज कुठे नाही. एकीचा दुसरीला होत, विरत, शेवटी फडकी होऊन ते संपले. कपड्याने असंच संपावं. पण त्या फ्रॉकांनी किती महिने आमची चूल पेटती ठेवली, ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही, आणि हे मला लागतं.

माझ्या मुलीला डिझाइन शिकायचं आहे. तिने मुंबईला जरूर जावं, पण त्याआधी काही महिने माझ्या शेजारी बसून बायकांची मापं घ्यावीत, त्यांचं बोलणं ऐकावं, असं मी तिला सांगितलं आहे. गावातल्या घरांनाही माझं सांगणं आहे. मुलगी चित्रं काढत बसली तर तिला उठवू नका. सून शिवते तेव्हा 'रिकाम्या वेळात करते' असं पाहुण्यांना सांगू नका. गणपतीआधी शिवून घेतलेल्या ब्लाउजचे पैसे गणपतीआधीच द्या. आणि शिलाईचे पैसे घरात आले की जमाखर्चाच्या वहीत ते तिच्या नावापुढे मांडा.